ॲनिमे-तीर्थाटन, जपानमधील

जपानी ॲनिमेशनपटांतील (ॲनिमे) दृश्ये ज्या प्रत्यक्ष स्थळांवरून चितारलेली असतात, त्या स्थळांना चाहत्यांनी दिलेल्या भेटींस ॲनिमे-तीर्थाटन असे म्हणतात. जपानी भाषेत यासाठी ‘सेइची जुनरेई’ ही संज्ञा रूढ आहे. ‘सेइची’ म्हणजे पवित्र भूमी व ‘जुनरेई’ म्हणजे एकामागून एक पुण्यस्थळांची केलेली यात्रा. काही चाहते याच भेटींना ‘बुताई ताम्बो’, म्हणजे कथेच्या रंगभूमीचा शोध, असे साधे नाव देतात. पहिल्या संज्ञेत श्रद्धेचा, तर दुसरीत शोधाचा भाव आहे आणि या प्रवासात दोन्ही आढळतात. रेल्वेस्थानक, शाळेची जुनी इमारत, देवालयाच्या पायऱ्या, पूल, तलाव अशी ही स्थळे बहुधा अगदी सामान्य असतात. तेथे कोणतीही ऐतिहासिक घटना घडलेली नसते. जे कधी घडलेच नाही, त्याच्या जागा पाहण्यासाठी माणसे दूरवरून का येतात, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कल्पित गोष्टीची प्रत्यक्ष जागा दाखविण्याची व पाहण्याची प्रथा जपानमध्ये ॲनिमेशनपटांपेक्षा फार जुनी आहे. अभिजात जपानी काव्यात काही स्थळनामे ‘उतामाकुरा’ म्हणून ओळखली जात. त्या नावाचा उच्चार होताच एखादा ऋतू, वृक्ष किंवा विरहासारखी भावना रसिकाच्या मनात जागी होई. अशा स्थळांवर कविता करणाऱ्यांपैकी अनेकांनी ती कधी पाहिलेली नसत. कवी मात्सुओ बाशो (१६४४–९४) याने १६८९ मध्ये उत्तरेकडील प्रदेशाचा दीर्घ प्रवास केला, त्यामागे जुन्या कवितांतील ही स्थळे डोळ्यांनी पाहण्याची ओढ होती. त्या प्रवासावरील त्याचा ओकु नो होसोमिची हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७०२ मध्ये प्रकाशित झाला आणि पुढील पिढ्या त्याच्याच वाटेने चालू लागल्या. मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या गेंजी मोनोगातारी या अकराव्या शतकाच्या आरंभीच्या कादंबरीतील अखेरची दहा प्रकरणे क्योटोजवळील उजी येथे घडतात. त्यांतील पात्रे सर्वस्वी कल्पित असली, तरी त्या प्रकरणांच्या नावांची स्मृतिस्थळे उजीमध्ये एदो काळात (१६०३–१८६८) दाखविली जात असत व ती आजही आहेत.

प्रवासाची सवय जनसामान्यांत रुजली ती एदो काळात. शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या हालचालींवर त्या काळी निर्बंध होते. तथापि तीर्थयात्रा हे प्रवासाचे सर्वमान्य कारण होते. खेडोपाडी ‘को’ नावाची यात्रामंडळे असत. सभासद भिशीसारखी वर्गणी जमवीत, चिठ्ठ्या टाकून प्रतिनिधी निवडीत आणि त्याला सर्वांच्या वतीने इसे येथील देवस्थानास पाठवीत. १८३० मध्ये काही महिन्यांच्या अवधीत ४० लाखांहून अधिक यात्रेकरू इसे येथे गेले, असा अंदाज आहे. या यात्रांत देवदर्शन, स्नानगृहे, नाटके, खाद्यपदार्थ आणि घरच्यांसाठी न्यावयाच्या वस्तू हे सर्व एकत्र नांदत असे. यात्रा आणि सहल यांच्यात काटेकोर सीमारेषा नव्हती. १७८० पासून प्रसिद्ध होऊ लागलेले सचित्र स्थळवर्णनग्रंथ आणि हिरोशिगे (१७९७–१८५८) याची तोकाइदो मार्गावरील मुद्राचित्रे यांमुळे चित्रात पाहिलेले ठिकाण प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याची आवडही वाढली.

आधुनिक साहित्याने हीच परंपरा पुढे नेली. ओझाकी कोयो याच्या कोंजिकी याशा या कादंबरीतील (१८९७ पासून क्रमशः प्रसिद्ध) वियोगाचा प्रसंग आतामी येथील समुद्रकिनाऱ्यावर घडतो. तेथे त्या नायिकेच्या नावाने ओळखला जाणारा पाइन वृक्ष व नायक-नायिकेचा पुतळा आहे. नात्सुमे सोसेकीच्या बोच्चान (१९०६) या कादंबरीने मात्सुयामा शहर व तेथील दोगो उष्णोदक स्नानगृह यांना कायमची ओळख मिळवून दिली. ‘एन्एच्के’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६३ पासून सुरू केलेल्या वार्षिक ऐतिहासिक मालिकांमुळे प्रतिवर्षी वेगवेगळ्या प्रांतांकडे पर्यटक वळू लागले. ॲनिमे-तीर्थाटन हे या दीर्घ परंपरेचे अलीकडचे रूप होय.

ॲनिमेशनपट व स्थळदर्शन : कल्पित देश, भविष्यकाळ किंवा अवकाश यांत रमणाऱ्या या कलेने प्रत्यक्ष स्थळांकडे वळावे, याला एक निर्मितिविषयक कारण घडले. ताकाहाता इसाओ (१९३५–२०१८) यांच्या दिग्दर्शनाखाली आल्प्सची कन्या हायडी ही दूरचित्रवाणी मालिका १९७४ मध्ये प्रसारित झाली. तिच्या पूर्वतयारीसाठी ताकाहाता, मियाझाकी हायाओ (१९४१– ) व त्यांचे सहकारी १९७३ मध्ये स्वित्झर्लंडला गेले. तेथील घरे, कुरणे, भांडी व प्रकाश यांच्या नोंदी घेऊन त्यांनी मालिकेची दृश्यसृष्टी उभारली. दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन मालिकेसाठी परदेशात जाऊन स्थळपाहणी करणे त्या काळी असाधारण होते. या मालिकेमुळे माइएनफेल्ट परिसरास भेट देणाऱ्या जपानी पर्यटकांची संख्या वाढली. ताकाहाता यांच्याच १९७९ मधील ॲन या मुलीवरील मालिकेने कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाविषयी जपानी प्रेक्षकांना आधीच वाटणाऱ्या ओढीत भर घातली.

पुढे देशांतर्गत स्थळेही याच काटेकोरपणाने चितारली जाऊ लागली. मियाझाकी यांच्या माझा शेजारी तोतोरो (१९८८) या चित्रपटाचा संबंध तोक्यो व साइतामा यांच्या सीमेवरील सायामा टेकड्यांशी आहे. शहरवाढीपासून तेथील वनराई वाचविण्यासाठी १९९० मध्ये लोकवर्गणीचा निधी स्थापन झाला आणि १९९१ मध्ये वनाचा पहिला तुकडा विकत घेण्यात आला. चित्रपटाने जागेला प्रसिद्धी दिली एवढेच येथे घडले नाही, तर त्या जागेचे रक्षण करण्याचे कारणही लोकांना मिळाले. कानात कुजबुज (१९९५) या चित्रपटातील चढउताराचे रस्ते पाहण्यासाठी चाहते तोक्योच्या तामा भागातील सेइसेकी-साकुरागाओका येथे जाऊ लागले.

चाहत्यांच्या तीर्थाटनाचा आरंभ अभ्यासक सामान्यतः १९९० नंतरच्या दशकात मानतात. १९९२ मधील सेलर मून या मालिकेतील देवालयाचे मूळ असलेले तोक्योच्या आझाबू भागातील हिकावा देवालय आणि त्याच वर्षीच्या तेंची मुयो! या कथेशी संबंधित ओकायामा प्रांतातील स्थळे ही त्याची आरंभीची उदाहरणे होत. तथापि तेव्हा हे प्रवास विखुरलेले होते. २००२ मधील ओनेगाई तीचर या मालिकेची पार्श्वभूमी नागानो प्रांतातील किझाकी सरोवराच्या काठची आहे. तेथे येणाऱ्या चाहत्यांचे गट वर्षानुवर्षे टिकून राहिले व स्थानिक रहिवाशांशी त्यांचे संबंध जुळले. २००६ मधील सुझुमिया हारुही हिचा विषाद या मालिकेने ह्योगो प्रांतातील निशिनोमिया शहर चाहत्यांच्या नकाशावर आणले.

या वाढीमागे तंत्राचाही वाटा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस पारदर्शक पत्र्यांवर रंगकाम करण्याची जुनी पद्धत मागे पडून संगणकीय पद्धत आली. छायाचित्रांचा आधार घेऊन तपशीलवार पार्श्वचित्रे रंगविणे त्यामुळे सुलभ झाले. दुसऱ्या बाजूस अंकीय कॅमेरे व संगणकजाल प्रेक्षकांच्या हाती आले. पडद्यावरील चित्र थांबवून त्यातील फलक, विजेचे खांब व डोंगरांच्या कडा ताडून पाहणे आणि शोध इतरांना तत्काळ कळविणे शक्य झाले. निर्मात्यांनी जागा लपविली असली, तरी ती फार काळ लपून राहीना.

वाशिनोमियाचे उदाहरण : या प्रवासाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले ते साइतामा प्रांतातील वाशिनोमिया या गावामुळे. योशिमिझु कागामी यांच्या चित्रकथेवर आधारलेली लकी स्टार ही क्योटो ॲनिमेशन या संस्थेची मालिका एप्रिल ते सप्टेंबर २००७ मध्ये प्रसारित झाली. तीत चार शाळकरी मुलींच्या साध्या दिनक्रमाशिवाय फारसे कथानक नाही. त्यांपैकी दोघी जुळ्या बहिणींचे घर एका देवालयात आहे आणि ते देवालय वाशिनोमिया देवालयावरून चितारले आहे. कांतो प्रदेशातील अतिप्राचीन देवालयांत त्याची गणना होते. मालिकेच्या आरंभगीतात देवालयाचे प्रवेशद्वार (तोरी) व शेजारचे चहागृह दिसते.

२००७ च्या उन्हाळ्यात तरुण चाहते कॅमेरे घेऊन गावात येऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांना त्यांचे प्रयोजन कळेना. आरंभी काहींच्या मनात शंका व अस्वस्थता होती. गावच्या व्यापार-उद्योग मंडळातील कर्मचाऱ्यांनी मात्र या पाहुण्यांशी बोलून त्यांना काय हवे ते विचारले आणि प्रकाशकांची परवानगी मिळवून पुढील पावले उचलली. त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी देवालयाच्या परिसरात भरविलेल्या कार्यक्रमास सु. ३,५०० लोक आले. मंडळाने नवसाच्या पाटीच्या आकाराची छोटी लाकडी पदके तयार केली व ती गावातील दुकानांतून अशा रीतीने विक्रीस ठेवली, की संपूर्ण संच मिळविण्यासाठी चाहत्याला दुकानोदुकानी जावे लागे. या फेरीत दुकानदार व चाहते यांचा परिचय झाला. एप्रिल २००८ मध्ये मालिकेतील कुटुंबाला गावाचे ‘विशेष रहिवासी’ म्हणून नोंदणीपत्र देण्यात आले. सप्टेंबर २००८ मधील हाजी उत्सवात चाहत्यांनी मालिकेतील पात्रांच्या चित्रांनी सजविलेली पालखी पारंपरिक पालखीसमवेत खांद्यावर वाहिली.

वर्षारंभीच्या देवदर्शनास येणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये सु. ९०,००० होती. ती २००८ मध्ये सु. ३,००,०००, २००९ मध्ये सु. ४,२०,००० आणि २०११ मध्ये सु. ४,७०,००० झाली. मालिका संपल्यानंतर लोक येईनासे होतील, ही अपेक्षा खोटी ठरली. २०१० मध्ये वाशिनोमिया हे गाव कुकी शहरात विलीन झाले व प्रशासकीय दृष्ट्या त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले. परंतु जे नाव नकाशावरील गावांच्या यादीतून गेले, ते चाहत्यांच्या नकाशावर राहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये मालिकेतील ते जुने तोरी कोसळले आणि २०२१ मध्ये नवे उभे राहिले.

वास्तूचे रक्षण, उत्सवाचा जन्म व गावाची उभारणी : ॲनिमेशनपटाने एखाद्या स्थळाच्या जीवनात किती खोलवर बदल घडू शकतो, हे पुढील तीन उदाहरणांवरून दिसते.

शिगा प्रांतातील तोयोसातो येथील प्राथमिक शाळेची इमारत १९३७ मध्ये बांधली गेली. अमेरिकेत जन्मलेले वास्तुशिल्पज्ञ विल्यम मेरेल व्होरिस (१८८०–१९६४) यांनी तिचा आराखडा केला आणि गावातील एका यशस्वी व्यापाऱ्याने तिचा खर्च दिला. जिन्याच्या कठड्यावर ससा व कासव यांच्या शर्यतीची पितळी शिल्पे आहेत. ही इमारत पाडून नवी बांधावी, असे नगरप्रशासनाने ठरविले, तेव्हा रहिवाशांच्या एका गटाने तीव्र विरोध केला. वाद न्यायालयात गेला. डिसेंबर २००२ मध्ये पाडकामास हात घालण्यात आला, तो रहिवाशांनी थांबविला आणि मार्च २००३ मध्ये मतदान होऊन नगराध्यक्षांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे मुलांसाठी शेजारी नवी इमारत बांधली गेली व जुनी राखण्यात आली. एप्रिल २००९ मध्ये सुरू झालेल्या के-ऑन! या मालिकेतील मुलींची शाळा याच इमारतीवरून चितारलेली होती. दुरुस्त करून लोकांसाठी खुल्या झालेल्या या इमारतीत चाहत्यांची रीघ लागली. संगीत-मंडळाच्या खोलीत त्यांनी मालिकेप्रमाणे चहाचे पेले मांडले. २०१३ मध्ये तिची नोंदणीकृत सांस्कृतिक संपदेत गणना झाली. इमारत वाचविली ती रहिवाशांच्या लढ्याने. ती वाचविणे कशासाठी, या प्रश्नाला मात्र एक अनपेक्षित उत्तर मालिकेने दिले.

इशिकावा प्रांतातील कानाझावा शहराच्या बाहेरील युवाकु हे उष्णोदकाच्या झऱ्यांचे छोटे गाव २००८ मधील पुराने हादरले होते. २०११ मध्ये प्रसारित झालेली हानासाकु इरोहा ही मालिका अशाच एका गावातील पारंपरिक निवासगृहात काम करणाऱ्या मुलीची कथा सांगते. तिच्या शेवटी ‘बोंबोरी’ दिव्यांचा उत्सव येतो. वर्षातील ज्या महिन्यात सर्व देव इझुमो येथे जमतात, त्या महिन्यात एका बालदेवतेला वाट दिसावी म्हणून लोक दिवे लावतात आणि आपल्या इच्छा लाकडी पाट्यांवर लिहून टांगतात, अशी ही कल्पना आहे. हा उत्सव लेखकांनी कल्पिलेला होता. गावकऱ्यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये तो प्रत्यक्ष साजरा केला आणि त्यानंतर तो गावाच्या वार्षिक उत्सवांत समाविष्ट झाला. कल्पित विधी प्रत्यक्ष परंपरेत रूपांतरित होण्याचे हे विरळ उदाहरण होय. गावकऱ्यांनी त्यात पात्रांपेक्षा विधीला प्राधान्य दिले, हे त्याच्या टिकाऊपणाचे एक कारण मानता येईल.

इबाराकी प्रांतातील ओआराई हे बंदर ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामी लाटांच्या तडाख्यात सापडले. लगतच्या फुकुशिमा प्रांतातील अणुकेंद्राच्या अपघातामुळे तेथील मासळी व समुद्रस्नान यांविषयी लोकांच्या मनात भीती बसली. ऑक्टोबर २०१२ पासून प्रसारित झालेल्या गर्ल्स उंड पांत्सर या मालिकेत शाळकरी मुली रणगाडे चालविण्याची क्रीडा खेळतात व एका भागात ओआराईच्या रस्त्यांतून रणगाडे धावतात. गावातील एका जुन्या निवासगृहाची दर्शनी बाजू रणगाड्याच्या धडकेने कोसळते, असेही दृश्य आहे. चाहत्यांनी हे निवासगृह आवर्जून शोधून काढले. दुकानांसमोर एकेका पात्राची पूर्णाकृती चित्रफलके उभी करण्यात आली आणि त्या त्या पात्राचे चाहते त्या त्या दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक बनले. आंको या माशाच्या नावाने नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या गावच्या जत्रेस २०१३ मध्ये सु. १ लाख लोक आले. मालिकेत गावावरील आपत्तीचा उल्लेख नाही. आपत्तिग्रस्त म्हणून दयेने पाहिले जाणारे गाव येथे आनंदाचे ठिकाण म्हणून दिसले आणि हेच रहिवाशांना मोलाचे वाटले, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे.

प्रवासामागील प्रेरणा : चाहत्यांच्या प्रवासाचे एकच कारण सांगता येत नाही. तथापि पुढील काही कारणे सर्वत्र आढळतात.

पहिले कारण ॲनिमेशनपटाच्या स्वरूपातच आहे. नाटक किंवा छायाचित्रित चित्रपट यांतील पात्राला नटाचा देह असतो. चाहता त्या नटाला पाहू शकतो, त्याला पत्र लिहू शकतो. ॲनिमेशनपटातील पात्राला असा देह नसतो. ते रेषा, रंग व आवाज यांपुरतेच असते. त्या साऱ्या कल्पित सृष्टीतील जो एकमेव भाग प्रत्यक्ष जगात अस्तित्वात असतो व ज्यात पाऊल ठेवता येते, तो म्हणजे स्थळ. पात्राला भेटणे अशक्य असल्याने त्याच्या जागेला भेटणे, हा पर्याय उरतो. पात्र ज्या बाकावर बसले त्याच बाकावर बसताना चाहत्याला त्याच्या अभावाची व सान्निध्याची जाणीव एकाच वेळी होते.

दुसरे कारण चित्रणपद्धतीशी निगडित आहे. कॅमेऱ्यासमोर जे असेल ते छायाचित्रात उमटते. चित्रातील प्रत्येक वस्तू मात्र कोणीतरी हेतुपूर्वक काढलेली असते. गंजलेला फलक किंवा वाकलेला खांब चित्रात आला, तर तो कोणीतरी पाहण्याजोगा मानला, असा त्याचा अर्थ होतो. चाहता स्थळावर पोहोचतो तेव्हा तो चित्रकाराची नजर उसनी घेऊन पाहत असतो. चित्रातील कोनातूनच छायाचित्र घेण्याचा त्याचा आग्रह याचेच द्योतक होय. त्यासाठी तो कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरतो, विशिष्ट प्रहराच्या उन्हाची वाट पाहतो. साध्या गावाचे सौंदर्य अशा वेळी त्याला प्रथमच जाणवते.

तिसरे कारण शोधाचा आनंद व त्यातून मिळणारी प्रतिष्ठा हे होय. पर्यटनाचे अभ्यासक ओकामोतो ताकेशी यांनी दाखविल्याप्रमाणे प्रथम मोजके अग्रेसर चाहते स्थळ हुडकून काढतात व त्याची माहिती प्रसिद्ध करतात. त्यांच्यामागून इतर चाहते येतात आणि वृत्तपत्रांना व दूरचित्रवाणीला ते कळल्यावर सामान्य पर्यटक येतात. येथे मार्गदर्शक पुस्तिका प्रवासकंपनीने नव्हे, तर प्रवाशांनीच रचलेली असते.

चौथे कारण सहवासाचे आहे. स्थानके, दुकाने व निवासगृहे यांत ठेवलेल्या वह्यांत चाहते चित्रे काढतात व मजकूर लिहितात. देवालयांतील ‘एमा’ या नवसाच्या लाकडी पाट्यांवर ते पात्रांची चित्रे रेखाटून प्रार्थना लिहितात. अनोळखी चाहते या लेखनातून परस्परांशी संवाद साधतात. कालांतराने अनेकजण मालिकेसाठी नव्हे, तर चहावाल्या आजीबाईंना किंवा ओळखीच्या दुकानदाराला भेटण्यासाठी पुन्हा पुन्हा येतात. कथा संपते, पण गाव चालू राहते. मालिकेच्या समाप्तीनंतर चाहत्याला वाटणारी पोकळी हे चालू राहणे भरून काढते.

धार्मिक अंग : या प्रवासाला तीर्थाटन म्हणणे हा केवळ विनोद आहे काय, याविषयी मतभेद आहेत. संज्ञेच्या वापरात प्रारंभी आत्मोपहास होता. परंतु वर वर्णिलेली इसेची यात्रा लक्षात घेता हा भेद वाटतो तितका मोठा नाही. जपानी लोकधर्मात श्रद्धेच्या घोषणेपेक्षा आचरणाला महत्त्व असते. देवालयात जाणे, नाणे टाकणे, टाळी वाजविणे व पाटी टांगणे यांसाठी कोणाच्याही श्रद्धेची परीक्षा घेतली जात नाही. पात्राचे चित्र काढणारा चाहता त्याच पाटीवर परीक्षेतील यश किंवा आईचे आरोग्य मागतो, तेव्हा त्याची प्रार्थना खोटी ठरवणे कठीण जाते. वाशिनोमियासारख्या देवालयांनी या पाट्यांना इतर पाट्यांशेजारी जागा दिली.

शासकीय धोरण : चित्रपट-मालिकांच्या पर्यटनमूल्याची जाणीव शासनाला २००३–०४ च्या सुमारास प्रकर्षाने झाली. कोरियातील विंटर सोनाटा ही मालिका जपानमध्ये लोकप्रिय होऊन हजारो जपानी प्रेक्षक तिची स्थळे पाहण्यास कोरियाला जाऊ लागले होते. मार्च २००५ मध्ये भूमी व परिवहन मंत्रालय, अर्थ-उद्योग मंत्रालय आणि सांस्कृतिक विभाग यांनी संयुक्त अहवालात ‘कंटेंट्स पर्यटन’ ही संज्ञा मांडली. एखाद्या कथेने प्रदेशाला मिळालेले भाववलय हीच त्या प्रदेशाची पर्यटनसंपदा, असा तिचा आशय आहे. २०१६ मध्ये शिंकाई माकोतो (१९७३– ) यांच्या तुझे नाव या चित्रपटाने अभूतपूर्व यश मिळविले. गिफू प्रांतातील हिदा येथील स्थानक व ग्रंथालय आणि तोक्योतील सुगा देवालयाच्या पायऱ्या येथे गर्दी लोटली. हिदाच्या ग्रंथालयाने परवानगी घेऊन छायाचित्रे काढण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ‘सेइची जुनरेई’ ही संज्ञा वर्षातील दहा प्रमुख नव्या शब्दप्रयोगांत निवडली गेली आणि ॲनिमे पर्यटन संघ स्थापन झाला. कूकाई (७७४–८३५) या बौद्ध आचार्याशी निगडित असलेल्या शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांच्या यात्रेचे अनुकरण करून या संघाने २०१७ पासून ८८ ॲनिमे-स्थळांची यादी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. चाहत्यांच्या शोधातून वाढलेल्या परंपरेला याद्यांचे व प्रमाणपत्रांचे रूप येणे काही जुन्या चाहत्यांना रुचले नाही.

समस्या व मर्यादा : प्रत्येक स्थळाला हे पाहुणे हवेसे वाटतातच असे नाही. चालू शाळा, खाजगी घरे व अरुंद गल्ल्या यांची छायाचित्रे घेण्यामुळे रहिवाशांना त्रास होतो. चाहत्यांनीच त्यासाठी काही संकेत घालून घेतले आहेत : शाळेच्या आवारात शिरू नये, घराच्या खिडक्या चित्रात घेऊ नयेत, गावात काहीतरी विकत घ्यावे. स्थळ प्रसिद्ध होऊन प्रवासी हजारोंनी येऊ लागले, की हे संकेत अपुरे पडतात. कामाकुरा येथील एनोदेन रेल्वेमार्गावरील कामाकुरा-कोकोमाए स्थानकाजवळचे फाटक स्लॅम डंक (दूरचित्रवाणीवर १९९३–९६) या मालिकेमुळे परिचित झाले. २०२२ च्या अखेरीस आलेल्या नव्या चित्रपटानंतर तेथे परदेशी पर्यटकांची दाटी वाढली. रस्त्यात उभे राहून छायाचित्रे घेणाऱ्यांना आवरण्यासाठी नगरप्रशासनाला पहारेकरी नेमावे लागले.

दुसरी अडचण निर्मितीच्या वेगाची आहे. बहुतेक मालिका तीन महिन्यांत संपतात व नव्या मालिका त्यांची जागा घेतात. केवळ विक्रीवर डोळा ठेवून आखलेल्या योजना मालिकेबरोबरच विरतात. होक्काइदो विद्यापीठातील यामामुरा ताकायोशी यांनी वाशिनोमियाच्या अभ्यासातून असे प्रतिपादन केले, की चाहते, रहिवासी व हक्कधारक निर्माते या तिघांनाही मूळ कलाकृतीविषयी आदर असेल, तरच हे नाते टिकते. तिघांपैकी एकाने दुसऱ्याला केवळ साधन मानले, तर ते तुटते.

स्मरण व शोक : १८ जुलै २०१९ रोजी क्योटो ॲनिमेशनच्या कार्यालयाला एका माणसाने लावलेल्या आगीत ३६ जण मृत्युमुखी पडले. लकी स्टार, के-ऑन! व इतर मालिकांतील स्थळे ज्यांनी हाताने रेखाटली, त्या चित्रकारांपैकी अनेकांचा त्यांत अंत झाला. चाहत्यांनी या मालिकांशी निगडित गावांत फुले वाहिली व प्रार्थना लिहिल्या. त्यानंतर संस्थेने जळालेल्या वास्तूच्या जागी लोकांनी येऊ नये, तेथील रहिवाशांची शांतता जपावी, अशी विनंती केली. जुलै २०२४ मध्ये संस्थेचे मुख्य कार्यालय असलेल्या उजी शहरातील एका उद्यानात स्मृतिशिल्प उभारण्यात आले. गेंजीच्या कल्पित पात्रांची स्मृतिस्थळे ज्या शहराने शतकानुशतके जपली, त्याच शहरात हे शिल्प आहे. ज्या स्थळांना चाहते पूर्वी पात्रांच्या जागा म्हणून भेट देत, त्या आता ती रेखाटणाऱ्या माणसांच्याही जागा झाल्या आहेत. जपानमधील अनेक लहान गावांची लोकसंख्या घटत असून शाळा, दुकाने व रेल्वेमार्ग बंद पडत आहेत. अशा वेळी एखाद्या ठिकाणाकडे कोणी बारकाईने पाहिले होते व ते चितारण्याजोगे मानले होते, ही साक्ष त्या गावच्या रहिवाशांना आपल्याच गावाकडे नव्याने पाहावयास लावते. ॲनिमे-तीर्थाटनाचे सामाजिक महत्त्व प्रवाशांच्या संख्येपेक्षा या बदललेल्या दृष्टीत अधिक आहे.